पितर

साकोलीच्या म्हाताऱ्या सोनाराने दुकान मोडलं
तेव्हा सोविंदाकाकाने त्याचा काटा आणला,
दीडशे रुपये आणि दोन पायल्या चिन्नोर देऊन.
काकू हरखली. तिला वाटलं, आता घरात सोनं येणार.

आली दारू.
चहाच्या जुन्या डब्यात, ढोलीच्या मागे.
चुलीवर पाणी पडल्याशिवाय डबा उघडायचा नाही,
आणि काकाच्या खिशातली बिडी
त्या वेळेपुरती माझ्या ताब्यात.

एक नवं काडतूस म्हणजे
एका बाईची अर्ध्या दिवसाची रोवणी,
असा हिशेब काकाचा.
धान लोंबीला आलं की डुकरं तळ्याकडून उतरायची,
आणि डुकरांना हिशेब कुठे येतो?

म्हणून मी भल्या पहाटे बांधाबांधाने फिरायची
रात्रीच्या पुंगळ्या वेचत.
चिखलात रुतलेल्या, दवाने थंड,
नाकाशी धरली की शिमग्याचा वास.
एक कमी भरली तर काका परत पाठवायचा.
"फेकाची नोको, पोरी. पितर हाये."

आमच्याकडे ळ चा र होतो.
पितळेला काका पितर म्हणायचा,
आणि वाटीतल्या चिंचेच्या पाण्यात
एकेका पितराला अंघोळ घालायचा.
जितक्यांदा भरली तितक्या खुणा बुडाशी, कानशीने.
फार खुणा झाल्या, कड जरा फाटली,
की तिची सुटका. शेजारच्या रेवाने
अशा सुटलेल्या पुंगळीची शिट्टी केली होती,
ती ऐकून बैलसुद्धा वळायचे.

काट्यात एकीकडे दारू, एकीकडे गुंजा.
लाल, काळ्या डोळ्याच्या, ढिवरटोल्याच्या कुंपणावरून तोडलेल्या.
किती गुंजा, ते मी इथे लिहिणार नाही.
तो आकडा काकाने मलाही कानातच सांगितला होता,
मंत्र द्यावा तसा,
आणि वर म्हणाला, "एक जास्त गेली
तं डुकराच्या आंदी आपन."
त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं होती.
त्याबद्दल कोणी विचारत नसे.

दट्ट्याला काकूचं फाटकं घोंगडं पुरायचं.
वरच्या चकतीला मात्र पुठ्ठा लागायचा, कडक, पातळ.
लोहाराने सायकलच्या नळीचा ठोकळा करून दिला होता;
त्याखाली लग्नपत्रिका ठेवायची आणि हातोडा.
गावभरच्या पत्रिका यायच्या आमच्याकडे.
मुहूर्त टळला की माणसं स्वतःच आणून द्यायची.

त्या वर्षी माझ्या छापल्या.
तीनशे. सोनेरी कडेच्या, अर्जुनीहून.
दोनशे साठ वाटायच्या राहिल्या,
कारण तिकडून निरोप आला,
आणि निरोपात कारण नव्हतं.

घरात कोणी त्या गठ्ठ्याकडे पाहत नव्हतं.
तो माळ्यावर होता आणि सगळे मान खाली घालून जेवत होते.
पंधरा दिवसांनी मीच खाली काढला.
"घे काका. दोन हंगाम पुरतील.
पुठ्ठा चांगला आहे, बाबांनी महागातला घेतला."

काका बराच वेळ बोलला नाही.
मग त्याने ठोकळा माझ्याकडे सरकवला,
नेम धरून,
नावावर नाही, गणपतीवरही नाही,
कडेच्या वेलबुट्टीवर.
मी तो उचलून नावावर ठेवला.

हातोडा जड होता. चकत्या नीट पडल्या.

त्या कार्तिकात आमचं धान वाचलं,
बहुतेक नुसत्या आवाजाने.
काका आभाळालाच जास्त मारायचा,
डुकरं फक्त रस्ता बदलायची.
पहाटे मी पुंगळ्या वेचायला गेले
तर लोंबीवर एक चकती बसलेली,
कड करपलेली, दवाने फुगलेली.
"चि. सौ. कां." एवढंच उरलं होतं.
पुढचं कुठल्या बांधीत पडलं कोण जाणे.

मी ती चिखलात दाबली,
पुंगळ्या मोजल्या.
सात.
एक कमी होती.
मी परत गेले.